अक्काच्या वाटणीचा शिरा

माझ्याकडं एक किस्सा होता. होता म्हणतो, कारण आता तो मला पहिल्यासारखा सांगता येत नाही. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझं आडतीचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते तुरी-सोयाबीनमुळं नाही, तोंडामुळं. लग्नाची पंगत बसली की आग्रहाला मला बोलावतात. बारशाला माइक माझ्या हातात, कुणाच्या साठीला सत्काराचं भाषण माझं. आणि कुठंही माणसं जमली की कुणीतरी म्हणणारच, "अप्पा, ते शिऱ्याचं सांगा." मग मी आधी आढेवेढे घ्यायचो, पाणी प्यायचो, खुर्ची पुढं ओढायचो आणि सुरू व्हायचो. एकदा हा किस्सा ऐकताना एका व्याह्यांच्या तोंडातलं ताक नाकातून बाहेर आलं. त्या दिवशी मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं होतं.

या किश्शात माझी थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. आमच्याच गल्लीत मुलाकडं राहते. किश्शातली अक्का शिऱ्याचे द्रोण रिचवून साखर मोजायचं मशीन बिघडवते आणि लोक हसतात. खरी अक्का नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर पडली होती आणि तिचा उजवा पाय राहतो की जातो, हे डॉक्टर सांगत नव्हते. ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे मला बाहेरच्या बाकड्यावर बसून कळलं. म्हणून आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं.

झालं असं, की सरकारला आमच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटली. राज्यातली माणसं किती धडधाकट आहेत, कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाच्या अंगात रक्त कमी, हे गावोगावी जाऊन बघायचं ठरलं. आमच्याकडं तब्येत मोजायची रीत तशी जुनी आहे. माणसाचं पोट सुटलं की "तब्येत सुधारली बरं का" म्हणायचं, आणि बारीक दिसला की "दुखणं काढलं का काय" म्हणून विचारायचं. या तपासणीत मी लग्न झाल्यापासून कायम वरच्या नंबरात आहे. पण सरकारला एवढं पुरेना.

सरकारी दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या दुकानात आली. तिला दोन गोष्टी पाहिजे होत्या. एक मोंढ्यामागचं मंगल कार्यालय, ज्याच्या किल्ल्या माझ्याकडं असतात, आणि दुसरी माझा आवाज. लोक तपासणीला येत नाहीत, तुम्ही बोलावलं तर येतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एवढ्या स्तुतीवर मी तिला कार्यालयच काय, दुकानही देऊन टाकलं असतं. तिची अट एकच होती, आणि ती तिनं जाताना पायरीवरून मागं वळून पुन्हा सांगितली: सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं, चहासुद्धा नाही. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. दुसऱ्या दिवशी ऑटोला भोंगा बांधून मी सगळा भाग पालथा घातला. "उपाशी या आणि ठणठणीत होऊन जा," असं ओरडत फिरलो. घसा बसला, पण काम फत्ते झालं.

सोमवारी सकाळी लोक असे आले, जणू नवरदेव वेशीवर आलाय. म्हाताऱ्यांनी धुतलेली धोतरं नेसली होती, बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. कुणी तपासणीला बोलावलंय असं वाटतच नव्हतं. अक्काही आली होती, पांढऱ्या काठाच्या साडीत, कपाळाला विभूती लावून. फक्त तपासणाऱ्यांचा पत्ता नव्हता. त्यांची गाडी लातूरहून निघाली होती म्हणे, पण रस्त्यात कुठंतरी अडकली होती. ऊन चढायला लागलं. लोक भिंतीला टेकून बसले. एक म्हातारा मला म्हणाला, कार्यालयात येऊन कोरड्या तोंडानं बसायची आमच्यावर ही पहिलीच पाळी.

ते वाक्य मला लागलं. त्या कार्यालयात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही. वाटसरू मांडवात शिरला तरी त्याला पान वाढतात. आणि आज भोंग्यावरून बोलावलेली माणसं माझ्यासमोर सुकत होती. चहा देता येईना, शब्द दिला होता. पण कुठल्याही चांगल्या कामाची सुरुवात पूजेनं करतात, हे तर कुणी नाकारणार नाही. पूजा म्हटली की नैवेद्य आला. नैवेद्य दाखवला की तो प्रसाद झाला. आणि प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे. प्रसादानं उपास मोडत नाही, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

मी आचाऱ्याला हाक मारली. तो सवयीनं मागच्या अंगाला येऊन बसलेलाच होता. मोठी कढई चढली. रवा तुपात भाजल्याचा वास सुटला तशी माणसं सरळ होऊन बसली. साखर घालताना आचाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, देवाच्या कामात हात आखडू नको. मग पातेलं घेऊन मी स्वतः फिरलो. पानांच्या द्रोणात गच्च भरून शिरा. एक द्रोण संपला की दुसरा. कुणी हात आडवा केला की मी डोळे मोठे करायचो आणि म्हणायचो, प्रसादाला नाही म्हणतोस? मग तो बिचारा द्रोण पुढं करायचा. अक्कालाही मी माझ्या हातानं भरून दिला. तिनं तो पदराखाली धरला आणि बायकांत जाऊन बसली. पुढं मी बघितलं नाही. मला अजून सगळा हॉल वाढायचा होता.

गाडी आली तेव्हा द्रोण उचलून झाले होते आणि सगळे पुन्हा गरीब चेहऱ्यानं भिंतीला टेकले होते. नर्सबाई प्रत्येकाला विचारायची, सकाळपासून काही खाल्लंय का? प्रत्येक जण शपथेवर सांगायचा, न्हाई बाई, पोटात कायबी न्हाई. त्यात कुणी खोटं बोललं नाही, हे मी आजही कोर्टात सांगायला तयार आहे.

मग बोटं टोचायला सुरुवात झाली आणि मशीनं पेटली. एकामागून एक साखर. तरणी पोरं, नांगरासारखी कणखर माणसं, पाण्याला दोन कोस जाणाऱ्या बाया, सगळ्यांची साखर चढलेली. नर्सबाईनं आधी मशीन बदललं, मग पट्ट्यांची डबी बदलली, मग खिडकी उघडली. डॉक्टरीणबाई घामाघूम झाली. लातूरला फोन झाला. तिकडून विचारणा आली की या भागातलं पाणी कुठून येतं? अक्काची पाळी आली तेव्हा नर्सबाईनं मशीन हातात घेऊन हलवलं आणि तिला दुसरं बोट मागितलं. पुन्हा टोचलं, पुन्हा बघितलं, आणि आकडा लिहून घेतला. मी माइकपाशी उभा राहून हे बघत होतो. मला तेवढ्यात एक विनोद सुचला होता आणि तो कधी वापरावा याचा विचार चालला होता.

दुपारी डॉक्टरीणबाई नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्चीत येऊन मटकन बसली. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. आचाऱ्यानं तिच्यापुढं द्रोण ठेवला. तिनं एक घास घेतला, बरं वाटलं, दुसरा घेतला, आणि सहज विचारलं, हा कधी केलात? आचारी अभिमानानं म्हणाला, सकाळीच की, सगळ्यांना वाढून उरलाय. तिसरा घास तिच्या हातातच राहिला. माणसाच्या चेहऱ्यावर एवढे रंग एका वेळी येऊ शकतात हे मी नाटकातही बघितलं नव्हतं. ती रागावली नाही. हसलीही नाही. नवरीसारखी खाली मान घालून बसून राहिली.

इथं माझा किस्सा संपायचा. राज्याच्या तब्येतीचा हिशेब आमच्या एका कढईनं बुडवला, आमचा वॉर्ड सगळ्या राज्यात गोड ठरला, असं म्हणून मी हात जोडायचो. सांगता सांगता त्यात भर पडत गेली. आणि अक्काची दोन बोटं तर माझ्या हाताला आयतीच लागली. "पहिल्या बोटात पहिला द्रोण, दुसऱ्या बोटात दुसरा, आणि तिसरा तर आमच्या अक्कानं मशीनलाच चारला." या वाक्यावर हमखास हशा यायचा. अक्का समोर असली की तीही पदर तोंडाला लावून हसायची.

डॉक्टरीणबाईनं हार मानली नव्हती. ती पुन्हा दुकानात आली. पुढच्या सोमवारी परत तपासणी ठेवलीय, एवढं लोकांना पटवून द्या, म्हणाली. मी पुन्हा ऑटोत बसलो. पण आता माझ्याकडं किस्सा होता, आणि भोंगाही होता. मी चौकाचौकात ऑटो थांबवून शिऱ्याचं सांगितलं. लोक घरातून बाहेर आले, ओट्यावर बसून हसले, आणि आत गेले. ज्याला त्याला पटलं, की आपल्याला झालंय ते शिऱ्याचं. मी बोलवायला गेलो होतो आणि सगळ्यांना घरी बसायचं कारण देऊन आलो.

आमच्या गल्लीत ऑटो थांबला तेव्हा अक्का दारात उभी होती. "मी बी येऊ का रं तम्मा?" तिनं विचारलं. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, ती लहानपणापासून मला तसंच म्हणते. गल्ली ऐकत होती. मी भोंग्यातूनच उत्तर दिलं, "तू कशाला येतीस अक्का? तुझी साखर शिऱ्याचीच हाय. तुला बघून मशीन पळून जाईल." सगळी गल्ली हसली. अक्काही हसली आणि घरात गेली.

त्या सोमवारी कार्यालयात थोडीशीच माणसं आली. त्यातल्या एकानं आत येतायेताच विचारलं, आज शिरा न्हाई का?

पुढच्या पावसाळ्यानंतर अक्का नांदेडला लेकीकडं राहायला गेली. मधल्या काळात ती बारीक होत चालली होती. आम्ही सगळे तिला, काय खात न्हाईस का, म्हणून दरडावायचो आणि ताटात लाडू टाकायचो. ती सारखं पाणी मागायची, रात्रीतून उठायची. वय झालं, म्हणायचो. नांदेडला एका दुपारी भाची तिच्या पायांना तेल लावत होती, तेव्हा तिला अंगठ्याखाली काळं दिसलं. तिथं बाभळीचा काटा मोडून बसला होता. बऱ्याच दिवसांचा असावा. आजूबाजूचं मांस गेलं होतं. भाचीनं विचारलं, आई, हे दुखत न्हाई का गं? अक्का म्हणाली, काय?

मी सोयाबीनच्या कामानं नांदेडात होतो. भाचीचा फोन आल्यावर तसाच गेलो आणि अक्काला दवाखान्यात घेऊन आलो. डॉक्टर माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे होते. त्यांनी पाय बघितला, साखर बघितली आणि विचारलं की याआधी कधी तपासली होती का. कुठल्याही शहाण्या माणसानं हो किंवा नाही म्हटलं असतं. मी खुर्ची पुढं ओढली.

मी त्यांना सगळा किस्सा सांगितला. भोंगा, पूजा, आचारी, लाल खुर्ची. डॉक्टर खरोखर हसले. दारात उभ्या भाचीलाही हसू आलं. मी रंगात येऊन शेवटाला पोचलो, पहिल्या बोटात पहिला द्रोण, दुसऱ्या बोटात दुसरा, आणि अक्काकडं हात केला.

अक्का छताकडं बघत होती. "मी कुठं खाल्ला होता रं?" ती म्हणाली.

मला वाटलं, ती माझ्या किश्शात भर घालतेय. मी म्हणालो, मग द्रोण काय पाखरांनी नेला?

"नातवाला नेऊन दिला, पदराखाली झाकून. सोमवार होता ना माझा. संध्याकाळी लिंगपूजा झाल्याबिगर मी पाणी बी घेत न्हाई सोमवारी. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. जन्मभर तिच्या शेजारी राहून, तिच्या हातचं जेवून, तिच्यावर विनोद करून मला ते ठाऊक नव्हतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये एकच बोट खरं बोललं होतं, आणि त्याला मी गावभर खोटं पाडलं होतं.

डॉक्टरांचं हसू थांबलं. ते कधीची गोष्ट म्हणून विचारू लागले. मी सांगितलं. "म्हणजे तेव्हापासून," ते एवढंच म्हणाले आणि पुन्हा पायाकडं वळले.

मी अक्काला विचारलं, तू तेव्हाच का बोलली नाहीस? तिनं पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तू एवढ्या लोकांत हसवत होतास. मधीच कसं बोलावं? आन् मला बी बरंच वाटलं की. साखर कुणाला पाहिजे असती?"

अंगठा काढावा लागला. पाय वाचेल का, हे जखम बघून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकड्यावर बसलो. तिथं आमच्यासारखीच माणसं होती. कुणी हदगावचं, कुणी धर्माबादचं, बहुतेकांच्या बरोबर पायाला पट्टी बांधलेलं माणूस. वेळ जायला लोक बोलतातच. प्रत्येकाकडं एक किस्सा होता. एकाच्या वडिलांनी डॉक्टरला चकवून लग्नात बुंदी कशी हाणली होती. एकीच्या सासूनं गोळ्या तुळशीत कशा पुरल्या होत्या. सांगणारे हसत होते, ऐकणारे हसत होते, आणि मग दार उघडलं की सगळे एकदम उठून उभे राहत होते. एरवी अशा मैफिलीत मी पहिला असतो. तिथं मला कुणी काही विचारू नये म्हणून मी पेपर उघडून धरला. किती वेळानं कळलं, की तो तेलुगू होता.

पाय राहिला. अक्का घरी आली, आता मऊ तळव्याची चप्पल घालून हळूहळू चालते, सकाळ-संध्याकाळ पोटाला इंजेक्शन घेते. मला ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची सवय असूनही मला ते सहन होत नव्हतं.

गेल्या महिन्यात लातूरला लग्न होतं. मोंढ्यातल्या माझ्या शेजारी आडत्याच्या मुलीचं. त्यांना मी काका म्हणतो. अक्काला खाली बसता येत नाही म्हणून आम्हाला टेबल मांडून दिलं होतं. पंगत बसली आणि समोरच्या रांगेतून हाक आलीच, "अप्पा, शिऱ्याचं होऊ द्या." मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, आढेवेढे चाललेत. मग मी उठलो आणि सांगितला. पण अक्काला त्यातून काढून टाकलं. लाल खुर्चीपाशीच संपवला. लोक हसले, पण काहीतरी राहिल्यासारखे बघू लागले.

"आन् माझे द्रोण कुठं गेले?" शेजारून अक्का म्हणाली.

सगळा मांडव हसला. तिनं मला माझा हशा परत मिळवून दिला होता. मी तो घेतला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी म्हणालो, अक्कानं त्या दिवशी काहीच खाल्लं नव्हतं. मग काटा सांगितला, अंगठा सांगितला. मला हे नीट सांगता आलं नाही. कुठं थांबायचं कळेना. बोलून झाल्यावर मांडवात फक्त वाढप्यांच्या बादल्यांचा आवाज राहिला, आणि मी बसलो.

काकांना त्यांच्या मुलीच्या पंगतीची काळजी पडली. ते स्वतः जिलबीचं ताट घेऊन लगबगीनं आले. आग्रह कसा करायचा हे ते माझ्याकडूनच शिकलेत. डोळे मोठे करून म्हणाले, "असू द्या हो अप्पा, लेकीच्या लग्नात एका जिलबीनं काय होतंय?" आणि अक्काच्या ताटावर वाकले. मी अक्काच्या ताटावर हात आडवा धरला. दुसऱ्याच्या ताटावर हात धरणं म्हणजे यजमानाचा अपमान, हे मीच किती जणांना ऐकवलंय. जिलबी माझ्या हातावर पडली. गरम होती. पाक मनगटावरून खाली उतरायला लागला.

"हात काढ तम्मा," अक्का म्हणाली. मी काढला. मग ती काकांकडं बघून, शेजारच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मला साखर हाय. जिलबी नको. भाकरी असंल तर द्या."

काका ताट घेऊन उभेच राहिले. मग भाकरी आणायला गेले.

मी हातावरची जिलबी माझ्या ताटात ठेवली. अक्का माझ्याकडं बघत होती. "आन् तुझी साखर किती भरली होती रं त्या दिवशी?" तिनं हळूच विचारलं.

त्या दिवशी माझ्या हातात पातेलं होतं, मग माइक होता. माझं बोट कुणी मागितलं नाही आणि मीही दिलं नाही. त्या सोमवारीही नाही, पुढच्या सोमवारीही नाही, नांदेडात डॉक्टरसमोर बसलो होतो तेव्हाही नाही.

अक्काला उत्तर कळलं. तिनं पदराच्या टोकानं माझ्या मनगटावरचा पाक पुसला आणि म्हणाली, सोमवारी सकाळी दारात येऊन उभा राहा, आपण दोघं दवाखान्यात जाऊ. वर म्हणाली, आणि येताना देवळात जाऊ नको, तुला प्रसादाला नाही म्हणता येत नाही.